किळसेचे बारा मणी

फर्डिनंडला किळस लवकर यायची. लहानपणी दुधावरची साय ओठाला लागली तर तो पेला तिथेच ठेवून परसात थुंकायला पळायचा, आणि कुणी उष्ट्या हाताने वाढलेला घास त्याच्या घशाखाली उतरायचा नाही. अशा माणसाने कवळ्या बनवण्याचा धंदा का पत्करला, हे त्याच्या आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. कारण साधं होतं. हात बारीक कामाला चांगला होता आणि आगाशीला काकांच्या डेंटल लॅबमध्ये एक स्टूल रिकामं होतं.

काका गेल्यावर लॅब बंद झाली. तोवर फर्डिनंडचं लग्न झालं होतं. सासऱ्यांनी वटारची वाडी दोन मुलांत वाटताना राहतं घर आणि विहीर सालोमीच्या नावावर केली होती, आणि बावखलाकडची बाजू तिच्या धाकट्या भावाला, ऑस्टिनला, दिली होती. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. त्यावर पूर्वी केळी आणि पानवेली शिंपल्या जायच्या. फर्डिनंड बायकोच्या घरी राहायला आला आणि त्याने पडवीतच आपलं काम मांडलं.

वसई-विरारच्या डॉक्टरांकडून दर आठवड्याला त्याच्याकडे मापं यायची. पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून काढलेला तो साचा प्लास्टिकच्या पिशवीत ओलाच यायचा. त्याला लाळेचे तार चिकटलेले असत, हिरडीच्या जागी रक्त असे, कधी भाताचं शीत, एकदा तर बोंबलाचा काटा निघाला. बावीस वर्षं हे काम करूनही फर्डिनंड पिशवी उघडताना श्वास रोखायचा. मग माप नळाखाली धरायचा, साबणाने धुवायचा, औषधाच्या पाण्यात बुडवायचा आणि मगच कामाला घ्यायचा. धंद्यातले लोक त्याला हसायचे. तो म्हणायचा, घाण वाटते म्हणून मी धुतो. वाटेनाशी झाली तर कोण धुणार?

उरलेल्या गुलाबी मेणातून आणि बाद झालेल्या कृत्रिम दातांतून त्याला बाहुल्या करायची सवय लागली. बोटाच्या पेराएवढी माणसं. मोबाइलवर त्याने परदेशातले लोक अशा बाहुल्यांचे युद्धखेळ टेबलावर खेळताना पाहिले होते. आपलाही एक खेळ करावा असं त्याच्या मनात आलं, आणि दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या सुट्टीत त्याने तो सुरू केला.

खेळाचं नाव त्याने ठेवलं ‘मिठागर’. खाडीकाठचं एक गाव. गावाच्या मिठागरात आभाळापलीकडून काहीतरी येऊन पडलंय. ते दुष्ट नाही, कुणावर रागावलेलं नाही, त्याला माणसं दिसतसुद्धा नाहीत. ते फक्त पसरत जातं. खेळणाऱ्या प्रत्येकाकडे गावातली सात माणसं, आणि सर्वांनी मिळून गाव वाचवायचं; शेवटी ज्याची जास्त माणसं उरतील तो जिंकला. त्या पसरणाऱ्या वस्तूची खेळी फर्डिनंड स्वतः फासे टाकून करायचा. ती वस्तू त्याने दोनशे बाद दातांची केली होती. तिला डोळे नव्हते, जबडा नव्हता, एक गुलाबी गोळा आणि सगळीकडून बाहेर आलेले दात. सालोमीने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यावर फडकं टाकून ठेवायला सांगितलं.

रविवारी दुपारी जेवणं झाली की चौघं पडवीत बसायची. फर्डिनंड, सालोमी, ऑस्टिन आणि प्रिस्का. सालोमी विरारच्या एका शाळेच्या ऑफिसात होती आणि प्रिस्का त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. ऑस्टिनचा धंदा इमारतींना रेती-विटा पुरवण्याचा होता. हसरा, हातचं राखून न वागणारा माणूस. येताना कटलेट नाहीतर डुकराच्या मांसाचं इंद्यल घेऊन यायचा आणि दर वेळी जिंकायचा.

माणसांनी किती पावलं चालायचं, कुणी कसं लढायचं, हे नियम दोन महिन्यांत बसले. जादू काही बसेना. मिठागरातल्या त्या वस्तूजवळ जो जाईल त्याला तिची थोडी शक्ती वापरता येईल, मंत्र टाकून दूरचं काहीही जाळता, वितळवता येईल, असं फर्डिनंडने ठरवलं होतं. पण त्या शक्तीची किंमत काय, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

आधी त्याने प्रत्येकाला शक्तीचे दहा गुण दिले, दर फेरीला पुन्हा भरणारे. ऑस्टिनने पहिल्याच दुपारी एका हातात कटलेट धरून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आग लावून दिली. सगळे हसले. फर्डिनंड मात्र त्या तेलकट बोटांकडे आणि फाशाला लागलेल्या पावाच्या चुऱ्याकडे बघत राहिला. परक्या आभाळातली शक्ती माणसाच्या अंगातून जाते आणि माणूस तोंड पुसून पुढचा घास घेतो, हे त्याला ओंगळ वाटलं. त्याने तो नियम काढून टाकला.

मग त्याने रक्ताची किंमत लावली. मंत्र टाकला की आयुष्य कमी. सालोमी म्हणाली की हा बाजार झाला, इकडून द्या, तिकडून घ्या, यात भीती कुठे आहे? तेही खरं होतं.

तिसऱ्या वेळी त्याने वेड आणलं. परदेशातल्या खेळांत तसंच असतं, हे त्याने पाहिलं होतं. मंत्र टाकला की फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले तर तो माणूस वेडा, आणि खेळणाऱ्याने एक पत्ता उचलून त्यावर लिहिलं असेल तसं वागून दाखवायचं. कुणी हसत सुटायचं, कुणी भिंतीशी बोलायचं, कुणी कपडे ओढायचे. ऑस्टिनला हा नियम फार आवडला. त्याने डोळे तिरळे केले, जीभ बाहेर काढली आणि हनुवटीवरून लाळ गळू दिली.

प्रिस्का उठली. तिने आपली सात माणसं नीट डब्यात ठेवली आणि पर्स घेतली. फर्डिनंडने काय झालं म्हणून विचारलं. तेव्हा ती म्हणाली, “माझा भाऊ स्टीवन सहा वर्षं आजारी होता. तो असा हसत नव्हता. त्याला लाज वाटायची. बस स्टॉपवरचे लोक त्याची नक्कल करायचे, ती अशीच होती.”

ऑस्टिन लगेच म्हणाला की खेळ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. प्रिस्काने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गेल्यावर फर्डिनंडने ते पत्ते वाचले. अक्षर त्याचं होतं, एकेक शब्द त्याने विचार करून लिहिला होता, आणि त्याला आपल्याच हाताची शिसारी आली. दुसऱ्या दिवशी तो तिच्या घरी गेला. दार स्टीवननेच उघडलं. तो आता बरा होता, छापखान्यात कामाला जात होता. त्याने फर्डिनंडला पाणी दिलं आणि खेळ कसा असतो ते विचारलं.  फर्डिनंडने प्रिस्काची माफी मागितली, आणि जादूचा नियम सुचेपर्यंत आपण बिनजादूचं खेळू, असं सांगितलं. ती परत आली. पण बिनजादूचा खेळ म्हणजे नुसती पळापळ होती. ते वर्ष तसंच गेलं.

मागच्या फेब्रुवारीत अर्नाळ्याची आग्नेसमावशी पडवीत येऊन उभी राहिली. बहात्तर वर्षांची, जन्मभर मासे विकलेली बाई. फर्डिनंडने तिची कवळी नुकतीच, आठवड्यापूर्वी, करून दिली होती. तिने ती रुमालातून काढून टेबलावर ठेवली.

“हिला वास हाय, पोरा,” ती म्हणाली. “मना आधी वाटलं, माझंच तोंड सडलं.”

मावशी आठ दिवस ती कवळी घालून वावरली होती. मिठाने घासली, लिंबाने घासली. सुनेजवळ बसायचं बंद केलं, बोलताना तोंडावर पदर धरू लागली, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसली. शेवटी कवळी रात्रभर काढून ठेवली आणि सकाळी तोंडाला वास नव्हता, कवळीला होता. मी मासं इकते, ती म्हणाली, मना वासातला फरक कळतो. ह्यो पान्याचा वास हाय, गटाराच्या पान्याचा.

फर्डिनंडने कवळी नाकाजवळ नेली आणि त्याला मोरीकडे धावावं लागलं.  तयार कवळी तो रात्रभर एका वाडग्यात भिजत ठेवायचा, नाहीतर ती सुकून वाकडी होते. वाडग्यातलं पाणी विहिरीचं असायचं. प्लास्टरही त्याच पाण्यात कालवलेलं, साचाही त्याच पाण्यात उकळलेला. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं. पाण्यावर तेलासारखी पातळ, रंगीत साय धरली होती. सालोमी दोन आठवडे सांगत होती की भांडी घासून हाताला खाज सुटते, डाळ शिजताना कसलासा वास येतो, आणि फर्डिनंड म्हणत होता की उन्हाळा जवळ आलाय, पाणी खाली गेलंय. आग्नेसमावशीला नवी कवळी करून देतो, असं त्याने तिला सांगितलं. त्याची नजर तिच्या ओठांवर जाईना.

त्याने बाहेरून पाण्याचे कॅन आणले आणि पुढच्या रविवारी मिस्सा चुकवून कवळीच्या कामाला बसला. सकाळी आठची मिस्सा. सगळं गाव चर्चमध्ये. सालोमीही गेली होती. सव्वाआठच्या सुमारास बावखलाकडून इंजिनाची घरघर ऐकू आली, म्हणून तो केळीतून हद्दीपर्यंत गेला.

बावखलाच्या काठाशी मैला वाहणारा टँकर मागे लावून उभा होता. हातभर जाडीचा पाइप पाण्यात सोडलेला, आणि त्यातून काळपट तपकिरी घट्ट पाणी भसाभस येत होतं. त्याबरोबर चिंध्या, केसांचे पुंजके, प्लास्टिक, आणखीही काही, ज्याच्याकडे फर्डिनंडने पाहायचं टाळलं आणि पाहिलं. बावखल आता बावखल राहिलं नव्हतं. वरती फेसाचा थर होता, तो श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता. बेडूक पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. ड्रायव्हर पायरीवर बसून वडापाव खात होता. वासाचं त्याला काही नव्हतं. मिरची चावून तो मजेत पाय हलवत होता.

फर्डिनंडने मोबाइलवर टँकरचा फोटो काढला आणि नाकावर शर्ट धरून ड्रायव्हरला विचारलं की कुणाला विचारून सोडतोस. ड्रायव्हर घाबरला नाही. जागा ऑस्टिन शेठची आहे, म्हणाला. डिसेंबरपासून येतोय. शेठनेच वेळ दिलीय, रविवारी आठ ते नऊ, त्या वेळी सगळे लोक चर्चमध्ये असतात.

त्या दिवशी मिस्सेत बायबलचं पहिलं वाचन ऑस्टिनचं होतं. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून तो सालोमीबरोबरच घरी आला, चहा घ्यायला. फर्डिनंडने दोघांना उभ्यानेच सांगितलं. सालोमी खुर्चीत बसली. ऑस्टिनने नाकारलं नाही. बावखल तसंही मेलेलं होतं, तो म्हणाला, त्याचं पाणी आता कोण घेतं? जागा विकायची तर ते भरावंच लागणार, आधी हे, मग वरून बांधकामाची डेब्री. आणि टँकरवाल्यांनी तरी कुठे जायचं? तुमच्या संडासाची टाकी उपसायला टँकर येतो, तो पुढे कुठे रिकामा होतो, हे तुम्ही कधी विचारलंत का?  फर्डिनंडने कधी विचारलं नव्हतं.

“चार-पाच दिवस वास येतो, भावोजी,” ऑस्टिन समजुतीच्या सुरात म्हणाला. “मग येत नाही. मला तर आता काहीच येत नाही.”

सालोमीने भावाला एकच गोष्ट विचारली. विहीर बावखलापासून चाळीस पावलांवर आहे आणि आम्ही तेच पाणी पितो, हे तुझ्या लक्षात होतं का? ऑस्टिन म्हणाला की तो फिल्टर लावून देणारच होता, फक्त राहून गेलं. म्हणजे लक्षात होतं. तो चहा संपवून गेला. सालोमीने त्याचा कप धुतला नाही, कचऱ्यात टाकला.

त्या आठवड्यात फर्डिनंडने वही काढून डिसेंबरपासून बनवलेल्या कवळ्या मोजल्या. अकरा होत्या. अकरा माणसांच्या तोंडात त्याने ते पाणी घातलं होतं. त्याने प्रत्येक डॉक्टरला फोन केला, काय झालंय ते सांगितलं आणि सगळ्या कवळ्या नव्याने करून देण्याची तयारी दाखवली. विरारच्या एका डॉक्टरांनी त्याला समजावलं की नवीन करून दे आणि गप्प बस, पेशंटला कशाला कळवायचं? फर्डिनंडने त्यांच्या तिन्ही पेशंटना स्वतः जाऊन सांगितलं. एका म्हाताऱ्याने कवळी तिथल्या तिथे काढून त्याच्या अंगावर फेकली. ती शर्टाला लागून खाली पडली, ओली. फर्डिनंडने ती उचलून पिशवीत घातली आणि आभार मानून निघाला. त्या डॉक्टरांनी पुढे काम देणं बंद केलं.

ऑस्टिनचं वाक्य त्याला सुटेना. मला तर आता काहीच येत नाही. प्लास्टर कालवताना, साचा घासताना ते त्याच्या कानात वाजत राहायचं. त्याला राग यायला हवा होता, पण यायची ती मळमळ.  चार दिवसांनी, गुरुवारी, तो काम अर्धं टाकून उठला आणि खेळाची वही घेऊन बसला. अर्ध्या तासात जादूचा नियम लिहून झाला. वर्षभर तो भीतीची किंमत शोधत होता, आणि चूक तिथेच होती.

नियम असा. खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला गुलाबी मेणाचे बारा मणी मिळतील. ते मणी म्हणजे त्याच्या माणसांची किळस. मंत्र टाकायला फासा नको, गुण नकोत, रक्त नको. मंत्र हमखास लागतो, हवा तेवढा मोठा टाका. फक्त एक मणी परत करायचा, आणि ज्याची आपल्याला आता किळस वाटत नाही अशी एक गोष्ट मोठ्याने सांगायची. नुसतं सांगून भागत नाही, पुढे ती पाळावी लागते. प्रेतांना हात लावायची किळस गेली म्हटलं, तर पुढे तो माणूस प्रेतं पुरायला थांबणार नाही. शेवटचा मणी गेला की ते सातही जण उठून त्या वस्तूच्या बाजूला जातात. त्यांना वेड लागलेलं नसतं, ते मेलेले नसतात. त्यांना फक्त कशाचंच काही वाटत नाही.

सालोमीने तो वाचला आणि वही मिटली. खेळायचं का, म्हणून त्याने विचारलं. खेळू, ती म्हणाली.

ऑस्टिन येणार नाही असं फर्डिनंड धरून चालला होता. रविवारी तीन वाजता तो आला. कटलेटचा डबा त्याने टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, आपली नेहमीची खुर्ची ओढली आणि प्रिस्काला शाळेतल्या परीक्षांचं विचारलं. फर्डिनंडला वाटलं की त्याला हाकलावं. पण सालोमीने भावासमोर बारा मणी मोजून ठेवले. फर्डिनंडने नियम वाचून दाखवला. ऑस्टिनने मान डोलावली, सोपा आहे म्हणाला.

प्रिस्काची माणसं विहिरीपाशी कोंडली गेली तेव्हा तिने पहिला मणी हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली की तिच्या माणसांच्या डोळ्यांच्या कडांवर माश्या बसतात आणि ते त्या हाकलत नाहीत. मणी खाली ठेवून तिने बोटं ओढणीला पुसली. तिने त्या दुपारी तीन मणी दिले आणि तिसऱ्यानंतर तिला कटलेट खाववेना. सालोमीने एकही मंत्र टाकला नाही. तिची माणसं एकामागून एक गेली. प्रत्येक बाहुली ती हळूच आडवी ठेवायची.

ऑस्टिनने पहिले चार मणी पटापट टाकले. वास. उष्टं. पायाखालची घाण. उंदरांनी कुरतडलेलं धान्य. चार मंत्रांत त्याने मिठागराचा अर्धा भाग मोकळा केला. पाचव्याला म्हणाला, हात न धुता जेवणं. सहाव्याला, प्रेतांचं पाणी. सातव्याला त्याला काही सुचेना, तेव्हा त्याने प्रिस्काकडे बघून सांगितलं की त्याच्या माणसांना आता दुसऱ्याच्या रडण्याचं काहीच वाटत नाही. ती किळस नाही, दया आहे, असं प्रिस्का म्हणाली. चालेल का, असं त्याने फर्डिनंडला विचारलं. फर्डिनंड म्हणाला, चालेल. त्याला खरंच पाहायचं होतं की हा कुठे थांबतो.

तो थांबला नाही. पुढचे मणी म्हाताऱ्यांचे गेले, लहान पोरांचे गेले, शेजाऱ्यांच्या ताटातल्या अन्नाचे गेले. सांगताना त्याचा आवाज जराही बदलला नाही. टेबलाभोवती फक्त त्याचंच बोलणं चालू होतं. बारावा मणी देताना तो म्हणाला, “घरचं पाणी.” मग स्वतःच्या सातही बाहुल्या उचलून त्याने दातांच्या गोळ्याभोवती लावल्या, नीट, रांगेत.

“म्हणजे आता मी ह्याच्या बाजूला,” तो म्हणाला. “आणि जिंकतंय तर हेच. मग मी जिंकलो की.”

नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. फर्डिनंडने वही पाहिली. पळवाट नव्हती, तो खरंच जिंकला होता. समोर कटलेटचा हात पुसत बसलेला माणूस पाहून फर्डिनंडला जी किळस आली, ती बावीस वर्षांत कुठल्याही पिशवीने दिली नव्हती.

सालोमी तेव्हा बोलली. आवाज चढवून नाही, मिठाची बरणी मागावी तसं. “ऑस्टिन, मी उद्या पालिकेत तक्रार देणार आहे. टँकरचा फोटो तुझ्या भावोजींनी काढलाय. तक्रारीत जागामालक म्हणून तुझं नाव लिहिणार आहे, आणि खाली सही माझी असेल.”

ऑस्टिनला आधी ते खेळातलंच वाटलं. मग त्याने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. सख्ख्या भावाचं नाव लिहिशील, त्याने विचारलं, पपा असते तर काय म्हणाले असते? पपा असते तर पाणी तेच प्याले असते, सालोमी म्हणाली. तो डबा तिथेच ठेवून निघून गेला.

तक्रार दिली तरी दोन महिने काही झालं नाही. सालोमी दर सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जायची आणि टेबलाटेबलांवरून तोच कागद फिरवायची. गावातल्या काही लोकांनी तिला ऐकवलं की घरातली घाण घरात धुवावी. त्याच लोकांच्या विहिरींवर एप्रिलमध्ये रंगीत साय आली, तेव्हा ते तिच्या अर्जावर सह्या करायला आले. एका रविवारी गावच्या पंधरा-वीस जणांनी मिस्सा सोडून टँकर अडवला. त्यानंतर तो आला नाही. पंचनामा झाला, ऑस्टिनला नोटीस आली. त्याने बावखलाभोवती पत्रे ठोकले आणि पावसाळ्याआधी मातीचे ट्रक आणून ते भरून टाकलं. जमीन सपाट झाली. पावसात ती जागोजागी फुगली आणि भेगांतून काळं पाणी आलं.

विहीर फर्डिनंडने तीनदा उपसली. गाळ काढायला आलेल्या माणसांपैकी एक जण खाली उतरून अर्ध्यावरून परत वर आला आणि पैसे न घेता गेला. शेवटचा गाळ फर्डिनंडने स्वतः उतरून काढला. तो वर आला तेव्हा सालोमीने त्याच्यावर बादल्या ओतल्या आणि तो अंगणात उकिडवा बसून ओकत राहिला. तपासणीचा अहवाल अजूनही वापरायला अयोग्य असाच येतो. पिण्याचं पाणी, प्लास्टरचं पाणी, सगळं कॅनमधून येतं. अकराही कवळ्या बदलून झाल्या. आग्नेसमावशीची सर्वांत आधी झाली. ती न्यायला आली तेव्हा तिने ती नाकाजवळ नेली, बराच वेळ हुंगली आणि मग तोंडात घातली.

ऑक्टोबरमध्ये आगाशीच्या बाजारात सालोमीला ऑस्टिन भेटला. वांगी निवडत होता. त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं नाही. जवळ येऊन विचारलं की जागेला अजून वास येतो का, घेणारे लोक येऊन बघतात आणि काही न बोलता परत जातात. सालोमी म्हणाली, तू स्वतः जाऊन बघ की. तो म्हणाला, मी बघितलं ताई, तासभर उभा राहिलो, मला कळत नाही, म्हणून तुला विचारतोय.

तिने घरी येऊन हे फर्डिनंडला सांगितलं. तो सकाळी आलेली मापं धूत होता. सालोमीला भावाची दया आली होती की पुन्हा किळस, हे तिला स्वतःलाच सांगता येईना, आणि त्यानेही ते विचारलं नाही. त्या रविवारी खेळायला स्टीवन पहिल्यांदाच आला होता. नियम ऐकून त्याने विचारलं की गेलेला मणी परत मिळवता येतो का. फर्डिनंडने असा नियम केला नव्हता. नको, प्रिस्का म्हणाली.  शेवटी तेवढ्या दिवसापुरतं गेलेला मणी परत न देताच खेळायचं ठरलं आणि स्टीवनने आपले बारा मणी मोजून घेतले.